काच नेमकी कुठून ओली?

खिडकीच्या बाहेरच्या ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओतायचं आणि बघत उभं राहायचं. मिनिटाभरात पाणी बाहेरच्या भिंतीवर निथळून गेलं, तर खिडकी ठणठणीत आहे. ट्रॅकमध्ये तळं साचलं आणि हळूहळू आतल्या कडेला भिडलं, तर पहिल्या वाऱ्यापावसात तेच पाणी घरात उतरणार. विरार पूर्वेला फुलपाड्यात, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि पापडखिंड धरणाच्या आजूबाजूला ज्या इमारती उभ्या आहेत, तिथल्या घरांनी ही तांब्याभर पाण्याची परीक्षा मे महिन्यात घेतली, तर जूनमधली बरीच पळापळ वाचेल. खिडकीजवळची गादी ओढणं, कट्ट्यावर जुने टॉवेल कोंबणं, भिजलेला स्विचबोर्ड बघून मेन बंद करणं, हे सगळं पुष्कळदा करंगळीच्या नखाएवढ्या एका भोकापायी होतं.

ते भोक प्रत्येक स्लायडिंग खिडकीला असतं, किंवा असायला हवं. ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला, अगदी तळाशी, दोन-तीन ठिकाणी आडव्या फटी पाडलेल्या असतात. पाऊस काचेवरून ओघळतो, शटरच्या खालून ट्रॅकमध्ये उतरतो आणि या फटींतून बाहेर पडतो. स्लायडिंग खिडकी पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलीच नसते. आत शिरलेलं पाणी घरात पोचण्याआधी बाहेर काढून देणं, हे तिचं काम. पण घरोघरी घडतं उलटं. फटीजवळ पाणी दिसलं की तीच पाणी येण्याची वाट आहे असं वाटतं, सिलिकॉनची नळी आणली जाते आणि फट बुजवली जाते. पुढच्या पावसात खिडकी दुप्पट गळते. मग दोष खिडकीच्या माथी जातो आणि नवी खिडकी बसवण्याची बोलणी सुरू होतात.

ज्या फटी कुणी मुद्दाम बुजवलेल्या नसतात, त्या आपोआप बुजतात. बांधकामाच्या वेळी पडलेला सिमेंटचा शिंतोडा, रंगकामातली पुट्टी, रस्त्याची धूळ, केस, कबुतरांची पिसं आणि विष्ठा, हे सगळं ट्रॅकच्या कोपऱ्यात जमतं, एका पावसात भिजतं आणि ऊन लागलं की दगडासारखं वाळतं. बाहेरून ग्रिल जोडलेलं असल्यामुळे तिकडून हात घालता येत नाही. त्यामुळे सफाई आतूनच करावी लागते. शटर एका बाजूला सरकवायचं, कोरडा गाळ जुन्या टूथब्रशने सैल करायचा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याने ओढायचा, नसेल तर ओल्या फडक्याने उचलायचा, आणि मग खराट्याची एक ताठ काडी फटीतून बाहेरपर्यंत घालायची. लोखंडी तार शक्यतो नको. ती अ‍ॅल्युमिनियमवरचा पावडर कोटिंगचा थर खरवडते, आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या पडलेल्या त्याच जागी पांढरे डाग आणि खड्डे पडू लागतात. अर्नाळ्याचा किनारा विरारपासून दूर नाही. पश्चिमेचा वारा मीठ घेऊनच इकडे येतो.

आता फटी मोकळ्या असूनही पाणी कधीकधी आत येतं, त्याचं गणित वाऱ्याचं आहे. वाऱ्याचा दाब पाण्याच्या उंचीत मोजता येतो. ताशी ५४ किलोमीटरचा वारा समोरच्या काचेवर सुमारे १३५ पास्कलचा दाब देतो, आणि तेवढा दाब ट्रॅकमधलं पाणी जवळजवळ १४ मिलिमीटर वर उचलून धरू शकतो. ताशी ७२ किलोमीटरला ही उंची २४ मिलिमीटरच्या पुढे जाते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून समुद्रातून उत्तरेकडे सरकलं, तेव्हा किनाऱ्यावर ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचे झोत सुटले होते. त्या वेगाला हाच हिशेब ४७ मिलिमीटरवर पोचतो. ट्रॅकची आतली कड याहून बुटकी असेल तर पाणी तिच्यावरून घरात पडणारच, खिडकी कितीही नवी असो. म्हणून खिडकी विकत घेताना रंग आणि काचेची छटा बघण्याआधी आतल्या कडेची उंची पट्टीने मोजावी.

याच गणितातून एक फुकटचा उपाय निघतो. वादळी पावसात ट्रॅकमधून बुडबुडे येत असतील, म्हणजे बाहेरची हवा पाण्याला ढकलत आत घुसत असेल, तर आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करावा. तो घरातली हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या दाबाला जोर मिळतो. वाऱ्याच्या पाठीकडची खिडकी उघडी असेल तर तीही लावून घ्यावी. तिथूनही हवा बाहेर ओढली जाते.

काही घरांत मात्र खिडकीचा काहीही दोष नसतो. पाणी चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यातून येतं. हे ओळखायला सोसायटीच्या नळाला लावलेला पाइप पुरतो, पण पाणी खालून वर मारत जायचं. आधी फक्त खालच्या कट्ट्यावर दहा मिनिटं, मग ट्रॅकवर दहा मिनिटं, मग बाजूच्या सांध्यांवर, शेवटी वरच्या छज्ज्याच्या पोटाशी. घरात एक माणूस टॉर्च घेऊन बसवायचा. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि ते नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडी आत, एक लांब खाच असते. छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे येणारं पाणी त्या खाचेशी तुटून खाली पडावं, यासाठी ती ठेवलेली असते. रंगारी ती खाच पुट्टीने भरून गुळगुळीत करून टाकतात, आणि तिथून गळती सुरू होते.

सांधा भरायचा तर जुनं सिलिकॉन पूर्ण कापून काढावं लागतं. त्याच्यावरच नवी रेघ ओढणं म्हणजे पैसे वाया घालवणं, कारण सिलिकॉनला धूळ, ओल आणि जुनं सिलिकॉन या तिन्हींचं वावडं आहे. भिंत कोरडी ठणठणीत हवी. म्हणून हे काम एप्रिल-मेचं, मृगाच्या आधीचं. रुंद फट असेल तर आत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि तिच्यावर सिलिकॉन भरायचं, रुंदीच्या साधारण निम्मी खोली राहील इतकंच. पूर्ण खोल भरलं तर ते तिन्ही बाजूंना चिकटतं आणि उन्हात चौकट प्रसरण पावली की फाटतं. नळी निवडताना वास घेऊन बघावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन बाथरूमच्या टाइल्सना चालतं. धातू, सिमेंट आणि विशेषतः दुहेरी काच यांच्यासाठी नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं हवं.

शटर जड झालं की बहुतेक घरांत पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल असो की शिवणयंत्राचं, तेल ओतल्यावर शटर दोन दिवस लोण्यासारखं सरकतं आणि तिसऱ्या दिवसापासून त्या तेलाला धूळ चिकटून काळं वंगण तयार होतं. रोग बहुधा खाली असतो. शटरच्या तळाला दोन चाकं असतात, त्यांना कारागीर ‘बेअरिंग’ म्हणतात. स्वस्तातल्या बेअरिंगचा आस लोखंडी असतो. तो खाऱ्या दमट हवेत गंजतो, चाक फिरायचं थांबतं आणि घासत जातं. मग चाक तर झिजतंच, शिवाय ट्रॅकचा उंचवटाही सपाट होतो, आणि एकदा ट्रॅक झिजला की दुरुस्ती महाग पडते. म्हणून शटर कुरकुरायला लागलं की त्याच महिन्यात ते उतरवून बेअरिंग बदलावेत. नवे घेताना नायलॉनचं चाक आणि स्टेनलेस स्टीलचा आस बघून घ्यावा. सरकण्यासाठी सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारावा, किंवा साधी मेणबत्ती ट्रॅकच्या उंचवट्यावर घासावी. दोन्हींना धूळ तेलाइतकी चिकटत नाही.

उतरवण्याची रीत अशी: शटर मध्यावर आणायचं, दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचं, म्हणजे ते वरच्या खाचेत आणखी शिरतं आणि खालचा भाग ट्रॅकमधून सुटतो, मग तळ घराकडे ओढायचा. हे काम दोघांचं आहे. काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला, दर चौरस मीटरमागे अडीच किलो भरतं. दोन फूट बाय चार फुटांची पाच मिलिमीटर काच सव्वानऊ किलोंची, आणि तीच दुहेरी असेल तर साडेअठरा किलोंची, चौकट वेगळी. चौथ्या मजल्यावर, बाहेर ग्रिल नसलेल्या खिडकीत हे एकट्याने करू नये. आणि काच कितीही ओळखीची वाटली तरी हातमोजे घालावेत.

दुहेरी काच फुलपाड्यातल्या जुन्या इमारतींत क्वचितच दिसते. तिथे एकेरी काचेचं अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगच आहे. पण वसई-विरारमध्ये उंच इमारती वाढत गेल्या, घरोघरी एसी आले, रेल्वेचे भोंगे आणि रस्त्यावरची वाहनं यांचा त्रास वाढला, तशी यूपीव्हीसीच्या चौकटीतली दुहेरी काच इथेही येऊ लागली. ‘साउंडप्रूफ’ म्हणून ती विकली जाते. इथे थोडं थांबून विचार करायला हवा. प्रत्येकी पाच मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटरची पोकळी, अशी नेहमीची दुहेरी काच एकेरी पाच मिलिमीटर काचेपेक्षा आवाज जेमतेम दोन-चार डेसिबलने जास्त अडवते, आणि एवढा फरक कानाला कसाबसा जाणवतो. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असतील तर त्या एकाच सुरात थरथरतात आणि तो सूर आरपार जातो. एक काच सहा आणि दुसरी चार मिलिमीटरची घेतली, किंवा एक लॅमिनेटेड घेतली, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असलेली, तर फरक खरोखर जाणवतो. त्याहून मोठा फरक पडतो तो जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूने, चार इंच अंतर सोडून, दुसरी खिडकी लावली तर.

पण या सगळ्याच्या आधी शटरच्या कडेची ब्रशची पट्टी तपासावी. दोन शटर एकमेकांवर येतात तिथे आणि चारही कडांना ही केसाळ पट्टी खाचेत ओवलेली असते. पाच-सात वर्षांत तिचे केस दबतात, मग फटीतून वारा येतो, धूळ येते, डास येतात आणि आवाज तर येतोच. काच कितीही जाड असो, बाजूला फट असेल तर आवाज त्या फटीतूनच घरात शिरतो. शटर उतरवून जुनी पट्टी ओढून काढायची आणि नवी ओवायची. पट्टी मीटरवर मिळते आणि हे काम घरचा माणूसही करू शकतो. जुन्या पट्टीचा तुकडा मात्र दुकानात सोबत न्यावा. पाठीची रुंदी आणि केसांची उंची, दोन्ही जुळायला हवीत.

दुहेरी काचेची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यांनी दोन काचा कडेने जोडून मध्ये हवा कोंडण्याच्या रचनेचं पेटंट १८६५ मध्ये घेतलं. बाजारात ती रुळायला विसाव्या शतकातली तिसाचं दशक उजाडलं, आणि युरोपात ती सर्रास झाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर, घर गरम ठेवण्याचा खर्च परवडेनासा झाला तेव्हा. कामाचं तत्त्व गोधडीचं आहे. कोंडलेली स्थिर हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. एकेरी काचेतून जेवढी उष्णता पार होते, तिच्या साधारण निम्मी बारा मिलिमीटर पोकळीच्या दुहेरी काचेतून होते.

ही जोड-काच जवळून बघितली तर दोन काचांमध्ये कडेने फिरणारी एक धातूची पोकळ पट्टी दिसते. तिला स्पेसर म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला बारीक छिद्रांची रांग असते आणि पट्टीच्या पोटात खसखशीसारखे बारीक मणी भरलेले असतात. हे मणी पाण्याची वाफ शोषतात. त्यांच्यातली छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा रेणू आत जातो, पण हवेतल्या नायट्रोजनचा रेणू बाहेरच राहतो. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्यूटाइल रबराची काळी, चिकट रेघ असते. ती वाफ अडवते. तिच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड लेप असतो, तो दोन्ही काचांना धरून ठेवतो. या दोन थरांपैकी पहिला कुठेतरी सुटला की वाफ आत शिरू लागते. मणी काही महिने ती पीत राहतात, मग त्यांचं पोट भरतं, आणि एका सकाळी काचेच्या आत धुकं दिसतं.

विरारच्या प्रवाशाला हे धुकं नवं नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या एसी डब्यांना अशाच दुहेरी, बंद काचा असतात, आणि त्यांतली एखादी काच दुधासारखी पांढुरकी झालेली असते. शेजारच्या सीटवरून बाहेरचं शेत स्वच्छ दिसतं, आपल्या सीटवरून धुक्यात बुडालेलं. रुमालाने कितीही पुसलं तरी ते जात नाही, कारण ओल ना आत आहे ना बाहेर, ती दोन काचांच्या मध्ये आहे.

घरातही निदान याच रुमालाने करायचं. काच आतून पुसून बघायची. ओल गेली तर ती खोलीतली वाफ आहे आणि काच निर्दोष आहे. आतून गेली नाही तर बाहेरून पुसायची. तिथे गेली तर तीही दोषाची खूण नाही. दोन्हीकडून पुसूनही धुकं जागचं हललं नाही, तर जोड सुटला आहे. आपल्याकडे दुहेरी म्हणून विकलेली काच खरोखर दुहेरी आहे की नाही, तेही घरबसल्या कळतं. रात्री दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च काचेसमोर किंचित तिरका धरायचा आणि प्रतिबिंबं मोजायची. एका काचेला दोन पृष्ठभाग, म्हणून दुहेरीत चार ठिपके दिसतात. त्यातला एखादा ठिपका वेगळ्या रंगाचा दिसला तर त्या पृष्ठभागावर उष्णता परतवणारा धातूचा अदृश्य थर आहे, आणि काच बदलताना तसलीच मागायला हवी.

बाहेरच्या बाजूने ओली होणारी काच ही खास आपल्या किनाऱ्याची गोष्ट आहे. जुलैत हवा २७-२८ अंशांची आणि वाफेने तुडुंब असते. अशा रात्री एसी १८-२० अंशांवर ठेवला आणि त्याचा झोत थेट काचेवर येत असेल, तर एकेरी काचेची बाहेरची बाजू इतकी थंड होते की बाहेरच्या हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसते. सकाळी खालचा कट्टा ओला दिसतो आणि घरचे गळती शोधत बसतात. एसी २५ वर न्यावा आणि झोताची दिशा बदलावी, दव बसायचं थांबतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत याच्या नेमकं उलट घडतं. डिसेंबरात बाहेर दोन अंश, आत कुकरच्या शिट्ट्या आणि खोलीतच वाळत घातलेले कपडे, त्यामुळे काच आतून पाझरते. तिथला उपाय खिडकी थोडी उघडून वाफ जाऊ देणं हा आहे. विरार आणि लंडन, दोन्हीकडे ओली काच हे काच बिघडल्याचं लक्षण नसतं.

मग काच खरोखर बिघडते कशाने? पहिलं कारण पुन्हा साचलेलं पाणीच. यूपीव्हीसीच्या चौकटीतही काचेच्या खाली पाणी निघून जाण्याच्या वाटा असतात. त्या तुंबल्या की दुहेरी काचेची खालची कड दिवसेंदिवस पाण्यात उभी राहते आणि जोडाचा लेप हळूहळू सुटतो. दुसरं कारण काचेखालचे ठोकळे. काच चौकटीवर थेट टेकवायची नसते. खाली, दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर, प्लॅस्टिकचे दोन छोटे ठोकळे ठेवून त्यांच्यावर तिला उभं करायचं असतं, म्हणजे कडेखालून पाणी वाहतं आणि दोन्ही काचांचा भार ठोकळ्यांवर सारखा येतो. घाईच्या कामात ठोकळ्याऐवजी लाकडाची ढलपी जाते. ती फुगते, कुजते आणि एका काचेचा आधार सुटतो. तिसरं कारण ऊन. पश्चिमेकडच्या खिडकीत कोंडलेली हवा दुपारी तापते आणि काचा बाहेर फुगतात, रात्री निवते आणि त्या आत ओढल्या जातात. रोजच्या या श्वासोच्छ्वासात जोड थकतो. या कोंडलेल्या हवेचा आणखी एक चमत्कार असा, की विरारच्या पातळीवर बंद केलेली दुहेरी काच महाबळेश्वरच्या बंगल्यात नेली तर तिथल्या विरळ हवेत ती दोन्हीकडून फुगलेली दिसते. उंचावरच्या कामासाठी म्हणूनच पोकळीत बारीक नळी सोडून हवेचा दाब जुळवतात.

धुकं धरलेल्या काचेला बारीक भोक पाडून, आतली वाफ सुकवून, भोक बुजवून देण्याचा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. धुकं काही काळ कमी होतं हे खरं, पण मणी भरलेलेच राहतात आणि सुटलेला जोड सुटलेलाच राहतो, म्हणजे वाफ पुन्हा येणार. शिवाय काच टफन केलेली असेल तर ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. सहाशे अंशांच्या वर तापवून झपाट्याने थंड केलेल्या या काचेत ताण कोंडलेला असतो. नंतर ती कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. तेव्हा खरी दुरुस्ती एकच: चौकट तशीच ठेवून फक्त जोड-काच बदलणं. पूर्ण खिडकी बदलण्याची गरज नसते, आणि तसं सुचवणाऱ्या कारागिराला आधी चौकटीत काय बिघडलं आहे ते दाखवायला सांगावं.

काच मागवण्यापूर्वी स्पेसरवर नजर टाकावी. दोन काचांमध्ये, कोपऱ्याजवळ, बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख अनेकदा छापलेली असते. हमीची मुदत शिल्लक असेल तर काच बदलून मागता येते. नसेल तर माप घ्यायचं. काच धरून ठेवणारी आतली पट्टी, म्हणजे बीडिंग, पातळ पुट्टीच्या पात्याने मधोमध हलकेच उचकटायची, आधी लांब बाजूची, मग आखूड. कुठली पट्टी कुठे होती ते पेन्सिलीने लिहून ठेवायचं. चौकटीच्या आतली रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजायची, कर्णही मोजायचे, आणि सर्वांत लहान मापातून चारही बाजूंना तीन ते पाच मिलिमीटर जागा सोडायची. जाडी पूर्ण लिहायची: पाच, बारा, पाच, एकूण बावीस. आपल्याकडचे जुने कारागीर इंच आणि सुतात माप देतात. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. एकेरी काच सूतभर मोठी आली तर कापता येते. टफन केलेली जोड-काच सूतभर मोठी आली तर परत जाते, आणि पैसे परत येत नाहीत. म्हणून माप मिलिमीटरमध्येच, आणि दोनदा.

उन्हाच्या त्रासासाठी दुहेरी काच घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पाहावी. साधी, पारदर्शक दुहेरी काच थेट उन्हातली सुमारे तीनचतुर्थांश उष्णता आत येऊ देते. तिची ताकद एसीची थंडी राखण्यात आहे, ऊन अडवण्यात नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा वाढवला, वाळ्याचा पडदा किंवा बांबूची चटई सोडली, तर दुपारच्या तापाला त्याने जास्त उतार पडतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी एका सपाट शिंपल्याच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडाच्या चौकोनांत बसवलेल्या असतात. त्यांतून उजेड येतो, पण ऊन डोळ्यांवर येत नाही. काच स्वस्त होण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावरच्या माणसांनी ऊन आणि उजेड वेगळे करून घेतले होते.

नवी जोड-काच बसवण्याच्या दिवशी कारागीर घाईत असतो, कारण त्याला त्याच दिवशी आणखी दोन घरं करायची असतात. तरी त्याला दहा मिनिटं थांबवावं. जुनी काच निघाली की चौकटीची खाच पहिल्यांदाच पूर्ण उघडी दिसते, आणि तिच्यात वर्षानुवर्षांचा गाळ, मुंग्यांची माती, वाळलेलं सिलिकॉन सापडतं. ते सगळं काढायचं, रबराच्या पट्ट्या साबणाच्या पाण्याने धुवायच्या, रॉकेल किंवा थिनर लावायचं नाही कारण रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. ठोकळे जागेवर ठेवायचे. मग रिकाम्या चौकटीच्या खाचेत पुन्हा एक तांब्या पाणी ओतायचं, आणि ते बाहेरच्या भिंतीवर निथळताना दिसलं की काच उचलायला हाक मारायची.